दादाला मोठी मोटारसायकल हवी आहे



तुमच्या घरी किंवा शेजारी एखादा दादा नक्की असेल. शिक्षण संपले, नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली, आणि इतके दिवस इमानाने साथ दिलेल्या शंभर सी.सी.च्या मोटारसायकलीकडे तो आता पूर्वीच्या प्रेमाने पाहत नाही. त्याच्या मनात भरली आहे ती पुढे झुकलेली, रंगीत कवचातली, मागचे चाक हातभर रुंद वाटावे अशी 'स्पोर्ट' मोटारसायकल. घरात दोन तट पडतात. आई म्हणते, "नको रे बाबा." दादा म्हणतो, "गाडी वाईट नसते, चालवणारा वाईट असतो." बाबा किंमत विचारतात आणि गप्प बसतात. तुमचे मत कोणीच विचारीत नाही!

खरे म्हणजे ते विचारायला हवे. या वादातले बरेचसे मुद्दे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात सुटतात. गतिज ऊर्जा, घर्षण, त्वरण आणि थोडी त्रिकोणमिती एवढी सामग्री पुरते. चला, कागद-पेन्सिल घ्या.

तुलनेसाठी तीन गाड्या समोर ठेवू. पहिली आपल्या सर्वांच्या ओळखीची, हिरो स्प्लेंडर. तिचे इंजिन ९७.२ घन सेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ८ अश्वशक्ती, वजन सुमारे ११२ किलो. दुसरी पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार झालेली आणि २०१४ मध्ये भारतीय बाजारात आलेली के.टी.एम. आर.सी. ३९०. इंजिन ३७३ घन सेंटिमीटर, सुमारे ४३ अश्वशक्ती, वजन १७० किलोच्या आसपास. तिसरी २०२० सालची होंडा फायरब्लेड. चार सिलिंडर मिळून १,००० घन सेंटिमीटर, सुमारे २१७ अश्वशक्ती आणि वजन अवघे २०१ किलो.

नुसत्या अश्वशक्तीवरून गाडीचा स्वभाव कळत नाही. ती शक्ती किती वजन ढकलते, हे पाहावे लागते. चालवणारा ६५ किलोचा धरू. आता भागाकार करा. स्प्लेंडरला दर किलोमागे सुमारे ३३ वॉट मिळतात, आर.सी. ३९० ला १३६ आणि फायरब्लेडला ६००. म्हणजे पहिलीपासून दुसरी चौपट, आणि तिसरी अठरापट! शंभर सी.सी.वरून एकदम हजार सी.सी.वर जाणे हे सायकलवरून स्कूटरवर जाण्यासारखे नव्हे. ती उडी त्याहून फार मोठी आहे.

इंजिनात काय वेगळे असते?

इथे एक गमतीची गोष्ट आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या किती अंतर वर-खाली जातो, हे पाहा. स्प्लेंडरमध्ये ते अंतर ४९.५ मिलिमीटर आहे. फायरब्लेडमध्ये ४८.५ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ तेवढेच, किंबहुना एका मिलिमीटरने कमीच! फरक आहे तो सिलिंडरच्या रुंदीत. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, फायरब्लेडच्या प्रत्येक सिलिंडरचा ८१. शिवाय असे चार सिलिंडर. दोन्ही घनफळे तुम्ही स्वतः काढून पाहा, बरोबर येतात.

घनफळ सुमारे दहापट झाले, पण शक्ती मात्र सत्तावीसपट! वरची वाढ आली कोठून? ती आली फेऱ्यांतून. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग. पीळ म्हणजे गॅरेजमधले मेकॅनिक ज्याला टॉर्क म्हणतात तो. स्प्लेंडरचे इंजिन आपली पूर्ण शक्ती मिनिटाला ८,००० फेऱ्यांना देते, फायरब्लेडचे १४,५०० फेऱ्यांना. उरलेला फरक चांगल्या श्वासोच्छ्वासाचा: प्रत्येक सिलिंडरला दोनाऐवजी चार झडपा, आणि मिश्रण दहापटीऐवजी तेरापट दाबले जाणे.

मिनिटाला १४,५०० फेऱ्या म्हणजे काय, याची कल्पना करा. दर फेरीत दट्ट्या दोनदा क्षणभर थांबतो व उलट दिशेला वळतो. म्हणजे एका सेकंदात त्याला सुमारे ४८३ वेळा थांबून परत फिरावे लागते. दट्ट्याची चाल लांब असती, तर हा मार धातूला सोसला नसता. म्हणून वेगवान इंजिनांचे सिलिंडर आखूड आणि रुंद असतात. याउलट जुन्या बुलेटच्या ३४६ सी.सी. इंजिनात दट्ट्याची चाल ९० मिलिमीटर असे. ते इंजिन सावकाश फिरे आणि कमी फेऱ्यांना भरपूर पीळ देई. तो 'धक् धक्' आवाज त्याचाच.

दादाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. स्पोर्ट गाडीच्या शक्तीचा मोठा भाग वरच्या फेऱ्यांत राहतो. गर्दीच्या रस्त्यावर इंजिन तीन-चार हजार फेऱ्यांनी फिरत असते, तेव्हा ती शक्ती झोपलेली असते. ती जागी करायची, तर पहिल्याच गिअरमध्ये गाडी ताशी १४० कि.मी.च्या पुढे जाते. आता सांगा, लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरला हा पहिला गिअर पूर्ण वापरायचा तरी कुठे?

वाऱ्याचा हिशेब

"मग एवढी शक्ती लागते तरी कशाला?" असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ती लागते मुख्यतः वारा फाडायला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि त्याविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे. वेग दुप्पट केला की शक्ती आठपट हवी.

सरळ ताठ बसलेल्या माणसाची साधी मोटारसायकल घेतली, तर ताशी ६० कि.मी.ला हवेविरुद्ध सव्वादोन अश्वशक्ती पुरते. ताशी ८० ला सव्वापाच. त्यात चाकांच्या घर्षणासाठी आणखी एक मिळवा. ताशी १२० ला मात्र एकट्या हवेलाच अठरा अश्वशक्ती द्याव्या लागतात. स्प्लेंडर नव्वदीच्या आसपास का अडखळते, हे आता समजले ना? तिचे बिचारीचे सगळे बळ वाऱ्यातच खर्च होते. स्पोर्ट गाडीचे कवच आणि टाकीवर पोट टेकून बसायची ती अवघडलेली बैठक, दोन्ही वाऱ्यासमोरचे क्षेत्रफळ कमी करण्यासाठी असतात. तरीसुद्धा ताशी ३०० कि.मी.ला हवा सुमारे १६५ अश्वशक्ती गिळते. सुझुकीने १९९९ मध्ये 'हायाबुसा' आणली, ती याच वेगाच्या आसपास जात असे. जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. वेगाची ही चढाओढ पाहून युरोपात बंदी येईल अशी भीती कारखानदारांना वाटू लागली, आणि त्यांनी आपसांत ठरवून ताशी २९९ वर रेघ ओढली.

आता आपल्या रस्त्यांकडे या. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवून दिलेल्या मर्यादेप्रमाणे चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० कि.मी., आणि शहरात ६०. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. म्हणजे कायद्यात राहून जास्तीत जास्त वेगाने जायला साडेसहा अश्वशक्ती पुरतात, आणि त्या स्प्लेंडरजवळ आहेत! उरलेल्या २१० अश्वशक्ती दादा कशात घालणार, हा प्रश्न त्याला अवश्य विचारा. तो म्हणेल, "पटकन ओव्हरटेक करता येते." हे उत्तर अगदीच खोटे नाही. ताशी ७० ने चाललेल्या ट्रकमागून सुटताना जवळ थोडी शिल्लक शक्ती असणे ही सुरक्षिततेचीच गोष्ट आहे. पण त्या कामाला वीस-पंचवीस अश्वशक्ती भरपूर होतात.

थांबायचे कसे?

गाडी पळते किती, यापेक्षा ती थांबते कुठे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जाहिरातीत मात्र ते सर्वांत लहान अक्षरांत असते, किंवा नसतेच.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ६० कि.मी. म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. हा वेग १४ मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ पाचव्या मजल्यावरून, पडणाऱ्या दगडाला जमिनीजवळ मिळतो. वेग दुप्पट करा. ताशी १२० ही ५७ मीटरांवरून पडण्याची बरोबरी आहे. मजले झाले एकोणीस! दुप्पट वेग म्हणजे दुप्पट धोका, असे जे समजतात त्यांनी हे दोन मजले शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

कोरड्या चांगल्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणगुणांक ०.७ धरू. ताशी ६० वरून ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला सुमारे २० मीटर लागतात. पण ब्रेक लागण्याआधी डोळ्यांनी पाहणे, मेंदूने ठरवणे आणि बोटांनी दाबणे यांत साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. एकूण ३७ मीटर. ताशी १२० ला हेच आकडे होतात ३३ आणि ८१, एकूण ११४ मीटर. रस्ता ओला असेल तर गुणांक ०.४ च्या आसपास येतो, आणि ८१ चे १४० होतात.

हे गणित करताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? सूत्रात वस्तुमान उरतच नाही! जड गाडीला थांबवायला जास्त बल लागते खरे, पण जड गाडी रस्त्याला दाबतेही जास्त, त्यामुळे घर्षणही जास्त मिळते. दोन्ही बाजूंचे वस्तुमान कटते. तेव्हा 'मोठी गाडी जड, म्हणून ती लवकर थांबत नाही' हा आईचा मुद्दा तुम्हांला खोडावा लागेल. उलट दादाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सारख्याच वेगाला स्पोर्ट गाडी साध्या गाडीपेक्षा कमी अंतरात थांबते. तिच्या पुढच्या चाकाला मोठ्या तबकड्यांचे ब्रेक असतात, टायरचे रबर मऊ असते, आणि चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा असते. १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून ही यंत्रणा सक्तीची झाली.

मग अडचण काय? अडचण 'सारख्याच वेगाला' या शब्दांत आहे. वेग सारखा राहत नाही. स्प्लेंडर ताशी ८० ला थरथरते, हँडल झिणझिणते, वारा छातीवर आपटतो. ती ओरडून सांगते की आता पुरे. मोठी गाडी ८० ला जणू उभीच आहे असे वाटते. तिचा आवाज गुळगुळीत, वारा कवचावरून निघून गेलेला. चालवणारा आकड्याकडे पाहत नाही, अंगाला जे जाणवते त्यावर वेग ठरवतो, आणि अंग फसते.

शक्ती आणि ब्रेक यांची जोडी फुटली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या देशातच आहे. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या आराखड्यावरून 'राजदूत ३५०' काढली. ३४७ सी.सी., दोन सिलिंडर, ३० अश्वशक्ती. त्या काळातल्या इतर भारतीय गाड्या तिच्यापुढे अगदी गरीब. पण परदेशातल्या मूळ गाडीला पुढे तबकडीचा ब्रेक होता, आणि आपल्याकडे मात्र ड्रम ब्रेक बसवला गेला. रस्ते तसेच, चालवणारे तसेच, फक्त शक्ती तिप्पट-चौपट झालेली. आजही जुने शौकीन या गाडीची आठवण काढतात ती अर्ध्या कौतुकाने आणि अर्ध्या धास्तीने.

आणखी एक बारकावा. ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली जाते, हे तुम्ही पाहिले असेल. गुरुत्वमध्य जमिनीपासून वर असल्यामुळे भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतो. दोन चाकांतले अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची साधारण ६२ सेंटिमीटर धरली, तर वरच्या जोराच्या ब्रेकमध्ये एकूण भारापैकी आठ आण्यांचे तेरा आणे पुढच्या चाकावर जातात. म्हणजेच थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. अनेकजण मात्र 'पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो' असे ऐकून फक्त मागच्या पायावर भरवसा ठेवतात. पुढचा ब्रेक हळूहळू पिळत न्यायचा असतो. तो एकदम खेचायचा नसतो. ही सवय स्प्लेंडरवरच लावून घेता येते.

हाच खेळ उलटाही होतो. जोरात वेग घेताना भार मागे सरकतो. त्वरण गुरुत्वत्वरणाइतके झाले, की पुढचे चाक उचलायच्या बेतात येते. हजार सी.सी.च्या गाडीला पहिल्या गिअरमध्ये हे सहज जमते. तेवढ्या त्वरणाने वेग दर सेकंदाला ताशी ३५ कि.मी.ने वाढतो. रस्त्यावरच्या खड्ड्याने मनगट अर्धा सेकंद चुकून वळले, तर गाडी ताशी १७ कि.मी.ने पुढे उडालेली असते. स्प्लेंडरवर तीच चूक केली, तर इंजिन जरा मोठ्याने गुरगुरते, एवढेच.

वळण

सरळ रस्त्यावर काय, कोणीही पळवील. मोटारसायकलीची परीक्षा घाटात. वळताना गाडी आत झुकते, कारण अभिकेंद्री बल आणि वजन या दोघांचा मिळून तोल साधावा लागतो. किती झुकायचे? झुकण्याच्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे वेगाचा वर्ग, भागिले वळणाची त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. ५० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी ४० ला १४ अंश, ६० ला ३० अंश, आणि ८० ला ४५ अंश! ४० वरून ८० वर जाताना रस्ता तोच, वळण तेच, पण लागणारे घर्षण चौपट. ४५ अंशांना घर्षणगुणांक पूर्ण १ लागतो. तेवढा चांगल्या टायरला कोरड्या स्वच्छ रस्त्यावर कसाबसा मिळतो. पावसाळ्यात त्याच वळणावर ताशी ५० ला मर्यादा संपते. आणि या सूत्रातही वस्तुमान नाही, इंजिनही नाही. वरंध घाटातल्या ओल्या वळणाला गाडीची किंमत कळत नाही.

टायरजवळचे घर्षण ही खिशातल्या पैशांसारखी मोजकी गोष्ट आहे. ते वळायला वापरा किंवा थांबायला. दोन्हीला वापरायचे तर पायथागोरसाच्या नियमाने वाटणी होते. जवळचे घर्षण १० धरा. वळण्यात ६ खर्च झाले, तर ब्रेकसाठी ८ उरतात, कारण ३६ आणि ६४ मिळून १००. वळण्यात ८ गेले तर ६ उरतात. पण वळण्यातच १० संपले असतील, तर ब्रेकच्या वाट्याला शून्य! अशा वेळी घाबरून ब्रेक दाबला, की चाक घसरलेच. आधुनिक गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा गाडी किती झुकली आहे हे मोजून ब्रेक व इंजिन आवरून धरते. ती असलेल्या घर्षणाचा पैन्पै उपयोग करून देते, पण रस्त्यावर सांडलेल्या वाळूत नवे घर्षण निर्माण करीत नाही.

वळण्याची एक गंमत सांगायलाच हवी. वेगात असताना गाडी डावीकडे वळवायची, तर हँडल क्षणभर उजवीकडे ढकलावे लागते. चाके उजवीकडे सरकतात, गाडी डावीकडे झुकते, आणि मग वळते. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचा धंदा सायकलींचा होता. त्यांतल्या विल्बरने ही गोष्ट हेरली होती, आणि बहुतेक सायकलस्वारांना आपण असे करतो हे ठाऊकच नसते, हेही त्याला दिसले होते. सवयीने हे आपोआप होते. पण समोर अचानक अडथळा आला आणि गाडी जड असली, की माणूस नेमका उलटे करतो.

प्रत्यक्ष अपघात काय सांगतात?

आतापर्यंत आपण कागदावर बोललो. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, आणि पोलिसांची ३,६०० टिपणे चाळली. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आता जुना आहे, गाड्या बदलल्या आहेत, पण माणूस फारसा बदललेला नाही.

अपघातापूर्वीचा मध्यम वेग निघाला ताशी फक्त ४८ कि.मी. संकट दिसल्यापासून आदळेपर्यंत चालवणाऱ्याला बहुधा दोन सेकंदही मिळाले नव्हते. त्या वेळात पुष्कळांनी मागचे चाक जाम केले, आणि पुढचा ब्रेक पुरेसा दाबलाच नाही. शंभरातल्या ब्याण्णव जणांनी कोणतेही रीतसर शिक्षण घेतले नव्हते. मित्राने किंवा घरच्यांनी शिकवलेले, नाहीतर आपणच शिकलेले. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा हा: अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना 'त्या' गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते. एकूण गाडी चालवण्याचा अनुभव मात्र जवळजवळ तीन वर्षांचा होता! म्हणजे दादा जेव्हा सांगतो की "मी चार वर्षे गाडी चालवतोय," तेव्हा ती चार वर्षे नव्या गाडीवर पूर्ण जमेला धरता येत नाहीत.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २००७ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांच्या प्रमाणात मृत्यू मोजले. सर्वांत तेज स्पोर्ट गाड्यांवर ते प्रमाण साध्या व आरामशीर मोटारसायकलींच्या जवळजवळ चौपट निघाले. यात गाडीचा दोष किती आणि ती निवडणाऱ्यांच्या वयाचा व वृत्तीचा किती, हे वेगळे काढणे कठीण. 'चालवणारा वाईट असतो' या दादाच्या वाक्यात थोडे तथ्य आहे ते इथे. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती.

युरोपातल्या देशांनी यावर एक समंजस तोड काढली आहे. तिथे २०१३ पासून परवान्याच्या पायऱ्या आहेत. सोळाव्या वर्षी १२५ सी.सी. व ११ किलोवॉटपर्यंतची गाडी. अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची, तीसुद्धा दर किलोमागे ०.२ किलोवॉटच्या आत. त्या पायरीवर दोन वर्षे काढल्यावर मोठ्या गाडीची परीक्षा देता येते. आपली आर.सी. ३९० या मधल्या पायरीत नेमकी बसते, भागून पाहा. आपल्याकडे मात्र गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना एकच. अठराव्या वाढदिवसानंतर स्प्लेंडरवर आठ काढून दाखवला, की कायद्याने फायरब्लेडही चालवता येते! ही पायरी कायद्याने बांधलेली नाही, तेव्हा ती घरातच बांधावी लागते. तुमच्यापैकी कोणी 'मैदानात एक फेरी' मागणार असेल, त्याने हेही लक्षात ठेवावे: सोळा ते अठरा वयात ५० सी.सी.च्या वर परवाना मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाने गाडी चालवली तर पालकांना २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग घ्यावी की नाही?

माझे मत विचाराल तर हजार सी.सी.ची गाडी पहिल्या उडीत घेऊच नये. पैसे असले तरी नाही. तीनशे-चारशे सी.सी.ची घ्यायला हरकत नाही, पण तिचे जमाखर्च नीट मांडून. स्पोर्ट गाडीचे मऊ टायर लवकर झिजतात आणि महाग पडतात. पेट्रोलातल्या ऊर्जेचा निम्म्याहून बराच मोठा भाग उष्णता होऊन बाहेर जातो. सिग्नलला उभे असताना ती दादाच्याच मांडीला लागते. खाली आलेले पोट गावच्या गतिरोधकांना घासते. आणि मागची सीट इतकी उंच व एवढीशी असते की आईला मंडईत न्यायची सोय राहत नाही. रोज दहा किलोमीटर कामावर जाणाऱ्याला हे सगळे सोसायचे आहे का, हे त्यानेच ठरवावे. सुट्टीच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर चांगले यंत्र चालवण्याचा आनंद खरा आहे, तो मी नाकारीत नाही. दादाने खरेच मनावर घेतले असेल, तर आधी आय.एस.आय. चिन्हाचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट, जाड कापडाचे जाकीट, हातमोजे आणि एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे दोन-तीन दिवस, एवढा खर्च गाडीच्या किमतीत धरून मग बेरीज करावी. बेरीज खिशाबाहेर गेली, तर त्याहून लहान गाडी पाहावी. आणि नवे टायर सुरुवातीला गुळगुळीत असतात. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार झुकवू नये, हेही सांगून ठेवा.

तोवर तुम्ही एक प्रयोग करा. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी तुमची दोन बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडलीत, तर तुम्हांला ०.२ सेकंद लागला. आता तुम्हांला तोंडाने सतराचा पाढा म्हणायला लावून त्याने पुन्हा सोडू द्या, आणि आकडा कितीने वाढतो ते लिहून ठेवा. इथे तुम्ही पट्टीची वाट पाहत होता, रस्त्यावर कोणी वाट पाहत नसतो, म्हणून तिथे पूर्ण एक सेकंद धरतात. मग खडू आणि मोजपट्टी घेऊन शाळेच्या मैदानावर जा. एका टोकाला रेघ ओढा, तिथून ३७ मीटरवर दुसरी, आणि ११४ मीटरवर तिसरी. बहुतेक शाळांचे मैदान तिसऱ्या रेघेच्या आधीच संपते.